सतरा नंबरचे गैरहजर प्रवासी

२ जानेवारी
रोजनिशी सुरू. परिवहन विभागाच्या नियोजन कक्षात इतकी वर्षं घासल्यावर एक गोष्ट कळली. आपल्या कामाची नोंद दुसरं कुणी ठेवत नाही. कक्षात मी आणि एक टायपिस्ट. टायपिस्टबाई जेवणाच्या सुट्टीनंतर सहसा दिसत नाहीत, म्हणजे कक्ष मीच.
यंदा काहीतरी मोठं करून दाखवायचं. चहा कमी. साहेबांशी हुज्जत नाही. व्यायाम सोमवारपासून.

५ जानेवारी, सोमवार
गुडघा दुखतोय. व्यायाम पुढच्या सोमवारी बघू.
चिरंजीवांचं पत्र आलं. एकुलता एक. गेल्या वर्षी सैन्यात भरती झाला, बापाला न विचारता. (ही म्हणते, विचारलं होतं. मी थांब्यांचे तक्ते तपासत होतो आणि मान वर न करता 'हो हो' म्हणालो. असेलही.) त्याच्या चौकीवर फोन लागत नाही म्हणून पत्रं. सगळी आईच्या नावाने येतात. शेवटच्या ओळीत 'बाबांना नमस्कार'. ही मोठ्याने वाचते, मी पेपरात डोकं घालून ऐकतो.
आज मात्र पेपर खाली ठेवला. लिहितो, आई, पहाऱ्यावरून आलो की झोप येत नाही. मग डोळे मिटून आपल्या सतरा नंबरमध्ये बसतो. स्टेशन, गिरणी, शाळा, बाजार, एकेक थांबा घेत येतो. आपला कोपरा यायच्या आत झोप लागते. अजून एकदाही घरी पोचलो नाही बघ.
हिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मी म्हटलं, क्रम बरोबर आहे, फक्त बाजाराच्या आधी पाण्याची टाकी येते, ती राहिली. हिने पत्राची घडी घालून ते कपाटात ठेवलं.

६ जानेवारी
सुचलं! शहरातला माणूस बसबद्दल खरं बोलत नाही. आमचा सर्व्हेवाला दिसला की एक तर शिव्या देतो, नाहीतर पळतो. पण दूर गेलेला माणूस? त्याला काही स्वार्थ नसतो. तो जे लिहील ते शंभर नंबरी. विषय ठरला: 'सैनिकांची घरपत्रे: शहर वाहतुकीच्या अभ्यासाचे एक दुर्लक्षित साधन'. असा अभ्यास आजवर कुणी केलेला नाही. का केला नाही, हे नंतर पाहू.
शिवाय सतरा नंबर तोट्यातल्या मार्गांच्या यादीत आहे. माझ्या अहवालाने ती वाचली तर चिरंजीवांनाही कळेल आपला बाप काय चीज आहे.

१३ जानेवारी
पत्रं गोळा करणं सुरू. गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या आजी राहतात. त्यांचे यजमान जुन्या लढाईत गेले. आजींनी अख्खं पत्र वाचून दाखवलं, मधे दोनदा थांबल्या. बरंचसं पत्र निरुपयोगी. तब्येत, आठवण, बाळाचं नाव काय ठेवायचं वगैरे. शेवटी एक ओळ हाती लागली: बस लवकर सुटली, तुझा नीट निरोपही घेता आला नाही. ताबडतोब टिपून घेतली, 'वेळापत्रकाचे पालन न होणे' या सदरात. आजींनी विचारलं, झालं का काम? म्हटलं, उत्तम झालं.

१५ जानेवारी
चिरंजीवांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पुढील पत्रांत मार्ग क्रमांक, दिशा आणि गर्दी यांचा स्पष्ट उल्लेख असावा, पाण्याच्या टाकीचा थांबा गाळू नये. हिने वाचलं आणि म्हणाली, अहो, दोन शब्द मायेचे लिहा की. मी शेवटी बोट ठेवून दाखवलं. 'प्रकृतीस जपावे' असं लिहिलंय ठळक.

१९ जानेवारी, सोमवार
व्यायाम बंद. अहवालाला वेळ पुरत नाही.

२ फेब्रुवारी
चिरंजीवांचं उत्तर. पुन्हा आईच्याच नावाने. बाबांना म्हणावं, मला एक पत्र पाठवा. बसचं नको. तुमचं.
कोड्यात बोलायची सवय आईकडून आली आहे. बस माझी नाही तर कुणाची? तरी ओळ अभ्यासात घेतली. बस, उल्लेख एक.

९ फेब्रुवारी
चिरंजीवांची सगळी पत्रं हिच्या कपाटातून काढून ऑफिसात नेली. विचारलं असतं तर ही देतच होती, म्हणून विचारलं नाही. टायपिस्टबाईंनी टाइप करताना तीनदा नाक पुसलं. सर्दी. या ऑफिसात पंख्यांचं काहीतरी करायला हवं.

१७ फेब्रुवारी, सकाळी
आज सादरीकरण. साहेब, हिशेब विभाग, डेपो मॅनेजर, सगळे. इस्त्रीचा शर्ट. आज सतरा नंबरचं कल्याण.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी
छान झालं. म्हणजे एकंदरीत छान.
चिरंजीवांची ती झोपेची ओळ मोठ्या पडद्यावर लावली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हिशेबवाल्याने विचारलं, झोपलेल्याचं तिकीट कसं फाडायचं? मग सगळेच हसले. मीही हसलो. अशा वेळी खिलाडूपणा दाखवावा लागतो.
साहेब मात्र गंभीर होते. म्हणाले, अभ्यास फार मौलिक आहे. या मार्गावर ज्यांचा एवढा जीव आहे ते सगळे शहराबाहेर आहेत, हे प्रथमच पुराव्यानिशी सिद्ध झालं. आपण त्यांना गैरहजर प्रवासी म्हणू. गैरहजर प्रवाशासाठी बस सोडता येत नाही.
मी म्हटलं, साहेब, निष्कर्ष थोडा उलटा... साहेब म्हणाले, एवढा विनय नको. टाळ्या झाल्या.

२० फेब्रुवारी
परिपत्रक निघालं. सतरा नंबर एक मार्चपासून बंद. खाली आधार म्हणून माझा अहवाल, माझं नाव ठळक अक्षरांत. इतक्या वर्षांत परिपत्रकात नाव प्रथमच. एक प्रत घरी आणली. कपाटावर ठेवली, वरच्या बाजूला. हिचा हात पोचत नाही तिथे.
निर्णय फिरवायचा. कठीण नाही. पुरवणी अहवाल लिहितो.

२४ फेब्रुवारी
पत्र. चिरंजीवांना सुट्टी मंजूर. दहा मार्चला संध्याकाळच्या गाडीने येणार. अठराला परत. लिहितो, स्टेशनवर कुणीही येऊ नका. सतराने येतो. एकदा जागेपणी घरी पोचू दे.
ही वाचून उठली आणि लगेच त्याची खोली झाडायला लागली. गाणं गुणगुणत होती. सतराबद्दल सांगणार होतो, पण इतक्या दिवसांनी गुणगुणत होती. कशाला उगाच? दहा तारखेपर्यंत बस सुरू झालेली असणार.

२६ फेब्रुवारी
चिरंजीवांना कळवावं का? विचार केला. पत्र पोचायला आठवडा. तोवर निर्णय फिरला तर विनाकारण गोंधळ. सैनिकाचं मन स्थिर असलं पाहिजे. कळवलं नाही.

१ मार्च
बस बंद. ही बाजारात जायला निघाली आणि कोपऱ्यावरून परत आली. विचारलं. म्हटलं, गाड्या दुरुस्तीला गेल्यात, दहा तारखेपासून सुरू. अगदीच खोटं नाही. धोरण दुरुस्तीला गेलंय.
हिने विचारलं, नक्की ना? त्याला तसं कळवू का? मी म्हटलं, इतकी वर्षं याच खात्यात आहे, तुला माझ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, आहे हो. आणि पिशवी घेऊन पायी गेली.

५ मार्च
पुरवणी अहवाल साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. नंतर वाचतील.

९ मार्च
डेपो मॅनेजरना गाठलं. म्हटलं, उद्या संध्याकाळी फक्त एक फेरी. एकच माणूस यायचाय. माणूस भला आहे, म्हणाला, गाडी आहे, ड्रायव्हर देतो, साहेबांची सही तेवढी आणा. साहेब दौऱ्यावर. बुधवारी येणार. उद्या मंगळवार.
काहीतरी होईल.

१० मार्च, दुपारी
स्टेशनवर जावं का? रिक्षाने जाऊन घेऊन यावं, सांगून टाकावं. पण त्याने स्पष्ट लिहिलंय, कुणी येऊ नका. मुलाच्या शब्दाला मान दिला पाहिजे. शिवाय तो हुशार आहे, रिक्षा करील.

१० मार्च, संध्याकाळी
ही कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली आहे. नवी चप्पल घातली आहे. मला म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हटलं, घरी कुणीतरी हवं.
खिडकीतून दिसते. कुठलीही मोठी गाडी वळली की दोन पावलं पुढे जाते. ट्रक होता. मघाशी पाण्याचा टँकर होता.
खाली जाऊन सांगायला हवं. जातो थोड्या वेळाने.

११ मार्च
काल तो आला नाही. ही अंधार पडल्यावर वर आली. जेवली नाही. मी म्हटलं, गाडी लेट असेल.
सकाळी मेहुणीचा फोन. चिरंजीव तिच्याकडे आहेत. स्टेशनच्या थांब्यावर ट्रंक घेऊन बसून होता. थांब्याची पाटी अजून काढलेली नाही (हे आमच्या खात्याचं नेहमीचं). शेवटी स्टँडवरच्या कंट्रोलरने हटकलं. हा म्हणाला, सतराची वाट बघतोय. कंट्रोलर हसला. म्हणाला, ती बंद झाली, नियोजनवाल्यांच्या अहवालावरून. मोठा गमतीदार अहवाल होता म्हणे. कुणा सैनिकाचं पत्र होतं पडद्यावर, डोळे मिटून बसमध्ये बसतो, गिरणी, शाळा, बाजार. डेपोत सगळ्यांना तोंडपाठ आहे.
चिरंजीवांनी ट्रंक उचलली. समोर नऊ नंबर उभी होती, ती मावशीच्या दारावरून जाते. तिच्यात बसले.
हिने फोन ठेवला. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करील. तिने एवढंच विचारलं, मी कोपऱ्यावर उभी होते ते तुम्हाला खिडकीतून दिसत होतं ना? मी म्हटलं, हो. मग तिने पिशवी भरली आणि बहिणीकडे निघून गेली.

१२ मार्च
आज येईल. राग दोन दिवसांचा असतो.

१३ मार्च
साहेबांनी पुरवणी अहवाल परत केला. शेरा: 'मूळ अहवालाशी विसंगत. कोणता खरा ते कळवावे.'
चिरंजीव आले नाहीत. त्याच्या खोलीत जाऊन आलो. गादीवर धुतलेली चादर घातलेली आहे. उशीसुद्धा नवी. हे सगळं हिने कधी केलं कोण जाणे.

१५ मार्च
मी का जावं? बाप मी आहे. सुट्टीवर आलेल्या मुलाने घरी यायचं असतं. ही जगाची रीत.
मेहुणीच्या घरी फोन केला. मेहुणीनेच उचलला. म्हटलं, सगळं ठीक? ती म्हणाली, ठीक. त्याला देऊ का? मी म्हटलं, नको, गडबडीत आहे. गडबड काही नव्हती. शेगडीवर चहा होता.

१६ मार्च
शिवणवाल्या आजी गल्लीत भेटल्या. म्हणाल्या, मुलगा आला असेल ना? कसा आहे? मी म्हटलं, मजेत. वाळलाय का? म्हटलं, थोडासा. वाळलाय की नाही, मला काय ठाऊक. मी त्याला पाहिलेलंच नाही.

१७ मार्च
उद्या त्याची परतीची गाडी. स्टेशनवर जायचं. पक्कं. काय बोलायचं तेही ठरवलं: माझं चुकलं, तुझं पत्र मी लोकांपुढे मांडायला नको होतं, घरी चल म्हणायला यायला हवं होतं, आलो नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं. पुढच्या सुट्टीत नक्की घरी ये, हेही घालायचं.

१८ मार्च
पायी गेलो. आमच्या भागातून स्टेशनला आता काही जात नाही. वेळेत पोचलो.
फलाटावर तिघं होती. ही, मेहुणी, तो. वाळलाय. खरंच वाळलाय. कानशिलावर एक नवीन व्रण आहे. कशाचा, ते पत्रात कधी आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि मी टिपलं नसेल. त्याने वाकून नमस्कार केला. मग ही आणि मेहुणी पाण्याची बाटली आणायला म्हणून बाजूला गेल्या. मुद्दामच गेल्या. दुकान समोरच होतं, पण त्या पार टोकाच्या दुकानापर्यंत गेल्या.
आम्ही दोघंच. भरपूर वेळ होता. तो माझ्याकडे बघत होता, वाट बघत होता, अगदी स्पष्ट दिसत होतं. ठरवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी विचारलं, इथवर कसा आलास?
तो म्हणाला, नऊ नंबरने.
मी विचारलं, गर्दी होती?
त्याने ट्रंकेची कडी नीट लावली. मग म्हणाला, होती, बाबा.
मग त्या दोघी आल्या. मग गाडी आली.
परत येताना ही बहिणीकडे वळली. कधी येशील, असं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
आता टेबलाशी बसलो आहे. त्याने काही फार मागितलं नव्हतं. एक पत्र, बसचं नको. तेवढं आजच लिहून टाकायचं. मघापासून कागद समोर आहे. 'चिरंजीवास आशीर्वाद' एवढं झालं. पुढे बाप लोक काय लिहितात, मला खरोखरच माहीत नाही.