उबेच्या भिंतीचं गणित

१२ नोव्हें. ६८, पिंप्राळा
कॉलेजात दोन तास. घरी येऊन पुन्हा अक्काच्या खोलीचं गणित. अक्का माझी थोरली बहीण, डॉक्टर. साक्रीला तिचा बाळंतपणाचा दवाखाना. गेल्या थंडीत अपुऱ्या दिवसांची दोन बाळं पहाटे गार पडून गेली. खोलीत शेगडी ठेवावी तर धूर. मी बोलून बसले आहे की हवा कशाला तापवायची, भिंत तापवू. बंब बाहेर, भिंतीत नळ्या, त्यांतून गरम पाणी फिरेल. उन्हात बसल्यासारखी ऊब थेट बाळाच्या अंगावर येईल.
बोलले खरी.

१६ नोव्हें.
पद्धत बसली. मागच्या तासाच्या आकड्यांवरून पुढचा तास काढायचा: भिंत किती तापली, बाळाला किती ऊब दिली, बाळाच्या अंगातून किती गेली. अशी खोली कागदावर संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालवायची. हे लॉगच्या पुस्तकातले आकडे वाचून सांगतात, मी मांडते. शेवटी उत्तर आलं, पहाटेसुद्धा ऊब टिकते. हे म्हणाले, "आता चहा तरी कर."

२४ नोव्हें., साक्री
जळगावहून गनीभाईंना घेऊन आले. नळकाम त्यांचंच. धुळ्याला गाडी बदलताना नळ्या टपावरून उतरवायच्या, चढवायच्या, कंडक्टर वैतागला. गनीभाई विचारत होते, "पंप नाही, मग पाणी फिरेल कसं?" म्हटलं, तापलं की हलकं होऊन वर चढेल, गार झालं की खाली येईल. ते हसले. पटलं नसावं.
अक्का दारातच म्हणाली, "शालू, तुझी आकडेमोड लेकराला कळत नाही हं."

२७ नोव्हें.
पाणी फिरलं. गनीभाई नळीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.
पण पहाटे अक्का आणि मी पाळण्याजवळ बसलो, तर आमची भिंतीकडची कूस गरम आणि डोकं, खांदे गार. अक्का म्हणाली, "वरून कुणी फुंकर घालतंय जणू." वारा कुठेच नव्हता.
मन फार खट्टू.

२८ नोव्हें.
सापडलं. छताला मी हवेइतकंच गरम धरलं होतं. पण पत्रा रात्रभर उघड्या आभाळाकडे ऊब टाकतो आणि हवेहूनही गार होतो. मग खालचं अंग आपली ऊब त्याच्याकडे टाकत राहतं. गणितात छत वेगळं मांडलं आणि जे अंगाला लागलं तेच कागदावर आलं. चूक माझी, तरी बरं वाटलं. आता त्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईल.
मग पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचं छत, वर भाताचं तूस, असं धरून पुन्हा चालवलं. जमतंय. अक्काला सांगितलं. ती लगेच तट्ट्या सांगायला गेली.

८ डिसें.
रविवार, म्हणून साक्रीला आले. छत झालंय. पहाटे पुन्हा बसलो. अक्काने अंगावरची शाल काढून बाजूला ठेवली.

२९ डिसें., साक्री
नाताळची सुट्टी. काल डोंगराकडच्या गावाहून एक बाई बैलगाडीतून आली. सातव्यातच बाळंत झाली. मुलगी, ओंजळीएवढी. तिला भिंतीजवळ ठेवलं. तिची आजी भिंतीला हात लावून म्हणाली, "माय, हाई भिंत तपेल शे." भिंत तापलेली आहे म्हणे. मग तिथेच पाठ टेकून बसली, उठेना.
अक्का सारखी पोरीचे पाय चाचपते. गरम आहेत. दूध मात्र ओढत नाही, कापसाने पाजतात.

३ जाने. ६९, पिंप्राळा
परत आले. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच थांबले. मुलं बघत राहिली.

७ जाने.
कॉलेजच्या ऑफिसात अक्काचा ट्रंककॉल. लाइन खराब.
"गारठा आणखी वाढणार म्हणतात. तुझं गणित काय म्हणतं?"
"खोली टिकेल."
"आणि पोरगी?"
ते गणितात कुठे मांडणार. म्हटलं, "रविवारी येते मी."
"ये. आज थोडं दूध ओढलंय तिने."
मग खरखर. त्यातूनच कुठलं तरी बाळ रडलं, चांगलं मोठ्याने. तीच का, विचारायच्या आत लाइन तुटली.