त्रेसष्ट भांड्यांवर घातलेली एकेचाळीस नावे

प्रति,
माननीय न्यायाधीश महोदया,
कक्ष तिसरा, फिनान्झगेरिश्ट, म्हणजे करविषयक न्यायालय

अर्जदार : सौ. मनोरमा श्रीधर उकिडवे, वय ७१, निवृत्त अव्वल कारकून, तहसील कार्यालय. पूर्वी सांगली, आता मुलीकडे, कार्ल्सरूहे, जर्मनी.

विषय : त्सोलने, म्हणजे इथल्या कस्टम खात्याने, अडकवून ठेवलेली माझी त्रेसष्ट भांडी न्यायालयाच्या देखरेखीखाली सोडण्याबाबत. (विषय तूर्त असा. परिच्छेद ८ नंतर तो बदलला आहे.)

संदर्भ : १) आपला अंतरिम आदेश, दि. २ सप्टेंबर २०२५
२) त्सोलचे पत्र, दि. १९ सप्टेंबर २०२५
३) कुमुदिनीआत्यांचा फोन, दि. २८ सप्टेंबर २०२५, व त्यानंतर रोज

महोदया,

१. मी एकतीस वर्षे असे अर्ज स्वीकारले असून त्यांतले बरेच परतही पाठवले आहेत. त्यामुळे अर्ज कुठे कंटाळवाणा होतो हे मला ठाऊक आहे. नावे मराठीत असल्याने खुलासा मूळ भाषेत द्यावा, भाषांतर न्यायालयाचे शपथबद्ध अनुवादक करतील, असे आपण कळवलेत. अनुवादक महोदयांना विनंती, की भांड्यांच्या नावांचे भाषांतर करू नये. ओगराळ्याला 'मोठा चमचा' म्हटले, की तो दुसऱ्याच कुणाचा तरी चमचा होईल.

२. हकीकत अशी. सांगलीचे घर विकून मी व यजमान इकडे कायमचे आलो. मुलगी ऊर्मिला म्हणाली, "आई, इथे सगळं आहे, काही आणू नका." तिच्या स्वयंपाकघरात खरोखरच सगळे आहे. मी तिथे गेले सात महिने पाहुणीसारखी विचारून विचारून झाकण्या शोधते. म्हणून मी एकच अट घातली होती, की माझी भांडी येतील. ती जहाजाने आली आणि त्सोलच्या गुदामात राहिली.

पेटी उघडली तेव्हा आम्ही हजर होतो. अधिकारी फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रेटश्नायडर यांनी पितळी परात हातात घेतली, तीत स्वतःचा चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि शेरा लिहिला : नवीन. सहा महिने वापरलेले घरसामान करमुक्त असते, नवीन वस्तू म्हणजे व्यापारी माल, हे मला नंतर कळले. माझी नात अवनी दुभाषी होती. तिला मराठी कळते, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. त्या दिवशी प्रसंग पाहून मराठी बोलली.

"आजी, त्या म्हणतात, आलेस नॉय. सगळं नवीन."

"त्यांना सांग, परात एक्क्याऐंशी सालची आहे. चिंच लावून घासलीय."

"चिंच म्हणजे काय?"

तिला सांगितले. तिने त्यांना सांगितले. फ्राऊ ब्रेटश्नायडर यांनी पुढच्या रकान्यात लिहिले : खाद्यपदार्थाचे अवशेष, तपासणी आवश्यक.

यजमान सांगलीतच म्हणाले होते, "अगं, प्रवासाला माणसं नवे कपडे घालतात, ठीक आहे. भांड्यांना कशाला न्हाऊमाखू घालतेस?" हे त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. तशी नोंद व्हावी अशी त्यांची इच्छा आहे.

३. दुसरा संशय नावांचा. त्रेसष्ट भांड्यांवर एकेचाळीस निरनिराळी नावे आणि तारखा आहेत. अहवालात लिहिले आहे : "ग्राहकांच्या नावांनिशी तयार करवून घेतलेल्या भेटवस्तू. ग्राहकसंख्या एकेचाळीस." त्यावर आपण आदेश दिलात, की प्रत्येक नावाचा खुलासा द्यावा, त्या व्यक्तीची 'माझा हक्क नाही' अशी संमती जोडावी, शेवटी सर्व भांडी माझी असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे, मग न्यायालयाच्या प्रतिनिधीसमोर पेटी सोडली जाईल.

खुलासा असा. आमच्याकडे लग्नाला, बारशाला, मुंजीला भांडे देतात, आणि देणारा त्यावर स्वतःचे नाव घालून देतो. दुकानदार तिथल्या तिथे मशीनची सुई फिरवून नाव घालतो. घेणाऱ्याचे नाव घालायची गरज नसते. ते त्याला माहीत असते. थोडक्यात नियम असा, की भांड्यावर ज्याचे नाव, त्याचे ते भांडे नव्हे. हा नियम सांगितल्यावर फ्राऊ ब्रेटश्नायडर यांनी अवनीला तो तीनदा म्हणायला लावला.

४. संमत्यांची स्थिती. एकेचाळीसपैकी सतरा जण हयात नाहीत. "वारसांची संमती चालेल," असे त्सोल म्हणते. त्या सतरांतले एक आमचे नाना; त्यांचे वारस नऊ असून त्यांच्यात जमिनीचा दावा चालू आहे. माझ्या पत्रानंतर त्या दाव्यात एका फुलपात्राची भर पडली आहे. तरी सांगते, या सतरांपैकी अकरा जणांचे नाव भांड्यांखेरीज आणखी कुठे लिहिलेले मी पाहिलेले नाही.

हयात चोवीसपैकी बावीस जणांच्या संमत्या आल्या. उरल्या दोन.

५. पहिली, क्र. २२. तांब्याचा तांब्या. मजकूर : "चि. विवेक याच्या मुंजीनिमित्त, कुमुदिनीआत्याकडून, १९८२." कुमुदिनीआत्या या यजमानांच्या आत्या, वय ८८, मुक्काम कोल्हापूर. विवेक हा माझ्या मिरजेच्या थोरल्या जावेचा मुलगा. मी फोन केला. संभाषण नोंदीसाठी जसेच्या तसे देते.

"मनोरमा, तो तांब्या मी विवेकला दिला होता. तुझ्याकडे कसा?"

"आत्या, थोरल्या जाऊबाईंनी ऊर्मिलाच्या बारशाला दिला."

"माझ्या नावासकट?"

"हो."

"म्हणजे तिनं माझा तांब्या वर्षभरात पुढं ढकलला! आणि तू गप घेतलास? बेचाळीस वर्षं?"

"आत्या, कोर्टाला फक्त तुमची सही हवीय."

"सही देते. पण त्या जर्मन बाईला लिही, की ह्या घरात तांब्या दिला की कुठं जातो ते कुणाला कळत नाही."

लिहिले. संमती मिळाली, सशर्त, सहा पाने. जाऊबाईंनी त्यावर प्रतिउत्तर दिले, की आत्यांच्या नावाखालीही आधीचे एक नाव घासून काढल्याची खूण आहे. ही बाब मी त्सोलला कळवली नव्हती, अवनीने कळवली. फ्राऊ ब्रेटश्नायडर यांनी भिंगातून पाहून व अनुवादकाला दाखवून "खूण आहे, अक्षर बहुधा 'गो'" असे लेखी कळवले. या दिवाळीला कोल्हापूर आणि मिरज या दोन घरांमध्ये फराळाची ताटे जाणार नाहीत. आपल्या आदेशाचा हा परिणाम आदेशात अपेक्षित नव्हता, हे मी समजू शकते.

६. दुसरी, क्र. ३८. पितळी पातेले, मोठे, कल्हई केलेले. नाव : यमुना वासुदेव हसबनीस. परिच्छेद ३ मधील नियमाप्रमाणे या देणाऱ्या होत. संपर्क होऊ शकत नसल्याने संमतीची अट शिथिल करावी, ही विनंती.

(परिच्छेद ६ मागे घेते. तो यजमानांच्या सांगण्यावरून लिहिला होता. वाचला असल्यास न वाचलेला समजावा.)

६, पुन्हा. काही नावे देणाऱ्यांची नसतात. उसनी गेलेली भांडी परत यावीत म्हणून बायका स्वतःच्या भांड्यांवर स्वतःचे नाव घालून ठेवतात. यमुनाबाईंचे नाव त्या प्रकारचे आहे. त्या सांगलीत आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून. २००३ साली सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी मी हे पातेले उसने आणले. महिन्याभराने त्यांनी हळदीकुंकवात विचारले. मी चौदा बायकांसमोर म्हणाले, "मी कधीच परत दिलंय. तुमच्याच घरात नीट शोधा."

त्यांनी शोधले. सापडले नाही. भांडी सांभाळता येत नाहीत, असे त्यांच्या सासूबाई शेवटपर्यंत त्यांना ऐकवत राहिल्या. भिंत पातळ होती, मला ऐकू येई.

आठ महिन्यांनी पातेले आमच्याच माळ्यावर सापडले. परत नेऊन देण्याचा दिवस मी पुढे ढकलत गेले आणि मग तो गेलाच. एकवीस वर्षे ते माझ्या फडताळात राहिले, नाव भिंतीकडे करून. पेटी यजमानांनी भरली. त्यांना यातले काही माहीत नव्हते.

संदर्भ क्र. २ नुसार, यादीतील एक जरी वस्तू माझ्या मालकीची नसली, तर सगळी यादी खोटी धरून सगळा माल लिलावात काढावा, असे त्सोलने आपल्याकडे मागितले आहे. हे पत्र वाचूनच मी हे लिहीत आहे.

७. हा परिच्छेद कोरा ठेवला होता. त्या जागेत यजमानांशी चर्चा झाली. सारांश :

"एका पातेल्यापायी बासष्ट घालवणार?"

"अहो, शपथेवर लिहायचंय."

"नियम तूच त्यांना शिकवलास. नाव असेल ते देणाऱ्याचं. त्या बाईंनी वहीत उतरवून घेतलाय. विचारणार कोण? यमुनावहिनी येणारेत का कार्ल्सरूहेला?"

"एकदा खोटं बोलले तेव्हा चौदा बायका होत्या. आता कोर्ट आहे."

"म्हणजे बायका कमी पडल्या होत्या?"

यजमान फेरी मारायला गेले. मी फोन लावला.

८. नंबर जुनाच होता. उचलला त्यांनीच.

"कोण?"

"मी मनोरमा. उकिडवे. शेजारची."

मग मी म्हणाले, "यमुनाताई, तुमचं पातेलं माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तुमची ऊर्मिला अमेरिकेला की कुठं निघाली होती, तेव्हा भेटायला आले होते. फडताळात दिसलं. नाव भिंतीकडे केलं होतंत, पण पोचा पुढं आला होता. तो माझ्या हातूनच पडलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही कचेरीतल्या. चौदा जणींनी तुमचं ऐकलं, माझं कोण ऐकणार?"

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकून घेतली. दिली की नाही हे स्पष्ट झाले नाही. मग मी कोर्टाचे सांगितले.

"जर्मनीचं कोर्ट? माझ्या पातेल्याला?" त्या हसल्या. मला खूप वर्षांनी त्यांचे हसणे ऐकू आले. "आणि मी कसली संमती द्यायची? ते तुमचं आहे म्हणून? मुळीच देणार नाही. माझं आहे. आणून द्या."

"कुरिअरनं पाठवू?"

"नेलं होतंत कुरिअरनं?"

९. सबब विषय पुढीलप्रमाणे बदलून वाचावा, ही विनंती : पितळी पातेले क्र. ३८ अर्जदाराच्या मालकीचे नसल्याने ते प्रथम सोडण्याबाबत.

अ) पातेले न्यायालयाच्या प्रतिनिधीसमोर माझ्या हातात द्यावे. ते मला ठेवायचे नाही, पोचवायचे आहे. माझे विमान ९ नोव्हेंबरला आहे.

आ) पोचा ठोकून सरळ करण्यात येऊ नये.

इ) उरलेल्या बासष्टांचा निर्णय आपल्या सवडीने व्हावा. त्सोलचा नियम लागू होत असेल तर तो नियमाप्रमाणेच लागू व्हावा. मी नोकरीत असताना कुणाला सूट दिली नाही, तेव्हा मागतही नाही. लिलाव झालाच, तर विकण्यापूर्वी नावे घासून काढू नयेत, एवढेच. घेणाऱ्याला ती वाचता येणार नाहीत. त्याने काही बिघडत नाही.

१०. यजमान फेरी मारून आले आहेत. त्यांनी हा अर्ज वाचला. त्यांचे म्हणणे, की परिच्छेद ६ सर्वांत चांगला लिहिला होता.

आपली नम्र, आणि या खेपेस खरे सांगणारी,

(सही)
सौ. मनोरमा श्रीधर उकिडवे
कार्ल्सरूहे, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत जोडले :

१) बासष्ट भांड्यांची यादी, खुलाशांसह.
२) बावीस संमत्या.
३) कुमुदिनीआत्यांची संमती, सहा पाने, पैकी संमती पान सहावर.
४) प्रतिज्ञापत्र, क्र. ३८ खोडून, सही केलेले.
५) फ्रँकफर्ट–मुंबई विमान तिकिटाची प्रत. प्रवासी एक.
६) श्रीमती यमुना वासुदेव हसबनीस यांची संमती : जोडलेली नाही. त्यांनी दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे.