भिंगरीने केलेलं वाक्य

१२ एप्रिल, रविवार दुपार

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. इकडे सगळं ठीक आहे. उकाडा मी म्हणतोय, वरच्या नळाला पाणी चढत नाही, आणि कवळ्यांचं काम इतकं आलंय की सगळ्या म्हाताऱ्यांनी ठरवून दात काढले की काय, कोण जाणे. परवा एका आजोबांनी नवीकोरी कवळी परत पाठवली. तक्रार काय, तर हसलं की दुसऱ्याच कुणाचं तरी हसू दिसतं! बसलो पुन्हा मेण तापवत.

भिंगरीची परीक्षा संपत आली. जेवते नीट. वेणी आपली आपण घालते, कारण मी घातलेली वेणी म्हणे दोरखंडासारखी दिसते.

तुम्ही लिहिलंत, पोर मोठी झाली, घरात बाईमाणूस हवं, परीक्षा झाली की तिला घेऊन जाते आणि आमच्या इकडच्याच शाळेत घालते. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही तिची सख्खी मावशी. मी कोण? तिच्या आईशी लग्न करून तिच्या घरात शिरलेला माणूस. आता तिची आईही नाही. मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा बाजूला बसली आणि रडायला लागली, तेव्हा मी दुकानात दिसतील ती पॅडची सगळी पाकिटं उचलून आणली आणि शेजारच्या नर्सबाईंना हाक मारली. भली मोठी पिशवी बघून पोरगी रडता रडता हसली. पण ताई, त्या दिवशी तुम्ही इथे हव्या होतात, हे खरं आहे.

काल तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी माझ्या कामाच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "'गेट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर' म्हणजे काय हो?"

मी सांगितलं, "भेटल्या भेटल्या गट्टी जमणं. आग कशी भराभर पसरते, तशी दोस्ती."

"अय्या! घर पेटलं तर दोस्ती?"

"त्यांचं त्यांना माहीत. तू वाक्यात उपयोग कर."

तिने झटकन केला. 'मी आणि माझी मावशी.' पाठोपाठ तुमच्या गप्पा, तुमचं ते पत्त्यांत लबाडी करणं, सगळं सांगत सुटली. मी दिव्यावर मेण धरलं होतं, ते वितळून टेबलावर सांडलं. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. हे तुमच्यापासून लपवत नाही.

तरी जीभ गप्प बसेना. विचारलं, "आणि आपल्यावर नाही होत वाक्य?"

"छे! आपल्यावर कसं होणार? बाई म्हणाल्या, ज्यांचं लगेच जमतं त्यांनाच असं म्हणतात. मी तर वर्षभर तुमच्याशी बोलत नव्हते. मीठसुद्धा आईकरवी मागायचे."

"मग आपल्यासारख्यांना काय म्हणतात?"

"नाही आमच्या धड्यात. सरका जरा, उजेड अडतोय."

आणि बसली शेजारी, कोपर माझ्या साच्यांत घालून, पाठांतर करत.

तेव्हा मी उठलो आणि तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. पत्रावरची तारीख बघितली. एकदम बारीक आवाजात म्हणाली, "इतके दिवस बोलला नाहीत. मी जावं असं वाटतं का तुम्हाला?"

ताई, पोरीच्या मनात हे येऊ शकतं, हे मला सुचलंच नव्हतं. मी आपला तिला काय हवं असेल या काळजीत, आणि ती बिचारी माझं काय म्हणणं असेल या काळजीत! मी जोरजोरात मान हलवली, नाही नाही म्हणून. एवढा मोठा माणूस, पण तिच्यासमोर रडलो.

तिने रुमाल दिला आणि म्हणाली, "मावशीला कळवा, सुट्टीभर येते. शाळा सुरू व्हायच्या आत तुम्ही न्यायला या. आणि स्वतः या, कुणाला पाठवू नका."

तेव्हा सुट्टीत तिला जरूर न्या. लाड करा, पत्त्यांत हरवा. बाईमाणसाने सांगायच्या गोष्टी सांगा, आणि मला काय कळायला हवं तेही लिहून पाठवा, मी शिकेन. पण कायमची नेऊ नका. मी हात जोडतो. तिच्यावाचून मला या घरात राहवणार नाही, आणि नुसतं तेवढंच असतं तर मी गिळलं असतं. तिलाही इथेच राहायचं आहे.

आजवर तुमच्या बहिणीचा नवरा म्हणून तुम्हाला लिहीत आलो. हे पत्र त्या नात्याने लिहिलेलं नाही.

तुमच्या भाचीचा बाप