कोहळ्याला आंघोळ

आत्याबाई, सुनेला समोर बसवलं आहे. मी बोलते, ती लिहिते. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. म्हणे, कागदावर असंच असतं. असू दे. मॅट्रिक झालेली आहे, घराला काही तरी उपयोग व्हायला पाहिजे तिचा. हे वाक्य लिहिताना तिनं माझ्याकडे कसं पाहिलं ते तुम्ही पाहायला हवं होतं. ती मला आई म्हणते आणि तोंडावर उलट बोलते. मी माझ्या सासूला, तुम्हाला, आत्याबाई म्हणायची आणि खाली मान घालायची. दोघींतली शहाणी कोण, ते आता कळून काय उपयोग!

खरं म्हणजे तिला बसवलं होतं काटोलच्या पत्रासाठी. तुमची नात काटोलला दिली, हे तुमच्या मागं झालं. जावई संत्र्याच्या आडतीत कामाला आहे, गरीब स्वभावाचा आहे. लेकीला आता आठवा लागेल. पहिलंच आहे, म्हणजे बाळंतपण माहेरी, माझ्या घरी. परवा जावई विचारायला आला, कोणत्या दिवशी आणून सोडू म्हणून. मी त्याला म्हटलं, पत्रे गळतात, नळाला पाणी येत नाही, आणि यांची तब्येत बरी नसते. तब्येत बरी नसलेला तुमचा लेक तेव्हा समोरच बसून तिसरी भाकर मोडत होता. जावयानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे तिकडेच ठेवू म्हणता?" मी म्हटलं, तिथं दवाखाना जवळ आहे. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला आणि उठला. संत्र्यांची थैली तेवढी ठेवून गेला.

सून त्याला रस्त्यापर्यंत सोडून आली आणि दारातच उभी राहिली. "आई, हे काही बरोबर नाही केलं तुम्ही. तिले काय वाटन? मायले मी नको झाली, असंच वाटन ना?" मी म्हटलं, तू तुझी भाजी पाह्य. पण ते वाक्य काही जाईना. म्हणून आज म्हटलं, लेकीला चांगलं समजावून लिहू. सुनेनं वर 'सप्रेम जयभीम' लिहिलं आणि पेन धरून बसली. मी सांगायला लागले, तर पुन्हा तेच, पत्रे गळतात. म्हटलं, फाड हा कागद, दुसरा घे, आत्याबाईंना लिहायचं आहे. "कोणत्या आत्याबाई?" माझ्या. "त्या त वारल्या ना, आई?" म्हटलं, म्हणून काय झालं? त्यांनाच समजते हे.

आणि सांगायचं तरी दुसऱ्या कोणाला? दीक्षा घेतली तेव्हा देव तुम्हीच सक्करदऱ्याच्या तळ्यात सोडून आलात. पांढरं लुगडं नेसून पुढे तुम्ही, टोपलं घेऊन मागे मी, आणि वरून तुमचा हुकूम, मागं वळून पाहायचं नाही. नाही पाहिलं. त्याचं दुःखही नाही. पण बाईमाणूस घाबरलं की कोणाला तरी नवस बोलते, कुठं तरी दोरा बांधून येते. शेजारीण मला दोनदा म्हणाली, एका ठिकाणी ताईत देतात, चला. मी गेले नाही. श्रद्धा-बिद्धा जाऊ द्या, तुम्ही वर कुठं भेटलात तर माझं मनगट आधी पाहाल, ही धास्ती. तेव्हा आता तुम्हीच ऐका.

तुम्हाला आठवत असेल, हीच लेक पोटात होती. पाचवा महिना असेल. आपण दोघी जात्यावर बसलो आहोत, तुम्ही त्या बाजूला, मी या बाजूला, खुंट्यावर दोघींचे हात. ज्वारी भरडून बाहेर पडते आहे. आणि मधेच माझ्या छातीत काही तरी होतं. विहिरीत बादली सोडावी, दोर हातातून एकदम सैल व्हावा, काहीच लागू नये, आणि मग खालून धप्प आवाज यावा, तसं. माझा हात थांबला. जातं जड झालं, ते तुम्हाला त्या बाजूला कळलं.

"काहून थांबली वं?"

"आत्याबाई, छातीत चुकलं."

"काय चुकलं?"

"ठोका."

तुम्ही पिठाचा हात तसाच माझ्या छातीवर ठेवला. डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतील दवाखान्यात चल, की म्हणतील नाटकं करतेस. तुम्ही म्हणालात, "हं. मलेही होते. पोरं झाल्यापासून होते. छाती चुकली त चुकली, हात काहून चुकवतं? दळ." माझ्या चोळीवर तुमचा पांढरा पंजा उमटला होता. तो मी संध्याकाळपर्यंत झटकला नाही. तुमच्याकडून मला मिळालेली तेवढीच एक मायेची गोष्ट, आणि तीसुद्धा ज्वारीच्या पिठाची. रागावू नका.

पण त्या तुमच्या 'मलेही होते'वर मी कितीतरी वर्षं काढली. इतवारीच्या बाजारात धान्य पाखडायला जायची, सूप हातात असताना एक चुकायचा, मी मनात म्हणायची, आत्याबाईंनाही होते आणि त्या सगळ्यांना पुरून उरल्या आहेत. चुकायचा, पुन्हा लागायचा. मग तुम्ही काय केलंत? ओट्यावर उन्हात बसून तूर निवडत होतात. नात तुमच्या मांडीला टेकून बसली होती. मला म्हणालात, जरा पाणी आण वं. माठापासून ओट्यापर्यंत असं अंतर तरी किती! मी पेला घेऊन आले, तर सूप मांडीवर तसंच, आणि पोरगी तुमचा हात हलवून "आजी, आजी" करते आहे. लोक म्हणाले, काय भाग्याचं मरण, कोणाला त्रास दिला नाही. मला दिला ना. तेव्हापासून मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या वेळी तुमचा ठोका चुकला होता का? तोच, ज्याला तुम्ही 'मलेही होते' म्हणून पिठासारखा झटकून टाकला होता? काही होत नाही असं मला सांगून ठेवलंत आणि स्वतः उठून गेलात. आता तुमच्या कोणत्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा मी?

त्यानंतर तो चुकला की मी थांबते. पुढचा येतो की नाही, याची वाट पाहते. लोक समोर बोलत असतात, मी मान हलवत असते, आणि आत कान लावून बसलेली असते. कधी दिवसभर काही नाही. कधी एक सोडून एक चुकतो, चालायला लागले की थांबतो, टेकले की सुरू. चहा प्यायले तर होते, नाही प्यायले तर डोकं दुखते आणि मग घाबरून होते. एकदा गुडघ्याचं निमित्त करून मोठ्या दवाखान्यात गेले. त्यांनी हातापायाला चिमटे लावले, छातीला गार गार काही फासलं, आणि मशीनमधून लांब पट्टी काढली. आत्याबाई, त्या पट्टीवर एक चूक नाही! घरी मला खाणारं हे कार्टं डॉक्टरपुढे असं शहाण्यासारखं वागलं की मलाच लाज वाटली. मग डॉक्टरनं नुसतं मनगट धरलं, आणि तो बोलत असतानाच झालं. "हां, हा पाहा," म्हणाला. "बाई, ठोका चुकत नाही. एक जरा लवकर येऊन जातो, मग हृदय तेवढा दम घेते, मग पुढचा जोरात लागतो. असे पुष्कळांना असतात. चक्कर येऊन पडल्या तर या, नाही तर घाबरू नका." घाबरू नका म्हणायला त्याचं काय गेलं? त्याची सासू कुठं तूर निवडताना गेली होती? घरी येऊन गुडघे बरे आहेत म्हणून सांगितलं. गुडघ्याचं तेल अजून फळीवर तसंच आहे.

आता मुद्द्याचं. सुनेचं पहिलं बाळंतपण तिच्या आईकडे झालं, पोरगी माझ्याकडे आली ती मान धरायला लागल्यावर. म्हणजे ओल्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची वेळ माझ्यावर आलीच नाही. आता लेकीचं बाळ मलाच घ्यावं लागणार. न्हाणीत पाट, पाय लांब, पायावर ते तेलानं निसरडं झालेलं बाळ, बाजूला कढत पाण्याची बादली. आणि त्याच वेळी छातीत दोर सैल झाला तर? तुमच्यासारखी मी बसल्या जागी गेले तर? तुमच्याजवळ सूप होतं, आत्याबाई. माझ्या पायावर बाळ असेल.

मागच्या आठवड्यात घरात कोणी नाही असं पाहून मी कोहळं घेतलं. हसू नका. चांगलं जड, बाळाएवढं. न्हाणीत पाटावर बसले, पाय लांब केले, कोहळं पायावर ठेवलं, तेल लावलं, वरून पाणी घातलं. एक तांब्या झाला, दुसरा झाला. मला वाटलं, जमते. तेवढ्यात झालं. मी हात छातीकडे नेला. नेलाच, थांबवता आला नाही. आणि कोहळं पायावरून घसरलं आणि फरशीवर फुटलं. त्याचा तो आवाज आणि त्या बिया.

सून बाजारातून आली तेव्हा मी बिया गोळा करत होते. "आई, कोहळं न्हाणीत काहून?" म्हटलं, माती होती, धुवत होते, निसटलं. "गरम पाण्यानं?" तिला काही सुटत नाही. त्या दिवशी कोहळ्याची भाजी झाली. तुमच्या लेकानं दोनदा मागून घेतली. मी भाकर नुसत्या मिरचीशी खाल्ली. दोन दिवसांनी जावई आला, आणि मी पत्रे गळतात म्हटलं.

इथं सुनेचा पेन थांबला. म्हटलं, लिही. ती लिहीना. उठून जवळ आली आणि माझं मनगट धरलं.

"आता होऊन राहिलं का?"

"नाही."

"मले लागते ना हाताले, आई." मग मनगट तसंच धरून, "केव्हापासून आहे?"

"तुझी नणंद पोटात होती तेव्हापासून."

"अन् बाबांलेही नाही सांगितलं?"

"त्याले सांगितलं असतं त माझ्याआधी तोच छाती धरून बसला असता."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मला हे आवडत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी तोंड फिरवलं. मग ती म्हणाली, "आई, पायावर मी घेते ना. तुम्ही नुसतं पाणी टाका."

"आजीनं घ्यावं लागते."

"कोण म्हणते?"

मी तुमचं नाव घेणार होते, आत्याबाई. पण तुम्ही असं कधी म्हटल्याचं काही केल्या आठवेना.

"अन् पाणी टाकताना चुकला त?"

"त पाणी सांडन," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी या दवाखान्यापासून त्या विचारापर्यंत फिरले, आणि हे मला सुचलं नाही. भीती गेली असं समजू नका. आजही आहे, उद्याही राहील. ज्या दिवशी लेकीला कळा लागतील त्या दिवशी माझी छाती काय तमाशा करेल, ते मला आत्ताच दिसून राहिलं आहे. पण जावयाला तोंडानं नाही म्हटलं, तर 'चल' हेही तोंडानंच म्हणावं लागेल, पत्रानं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं काटोलला जाते. सून म्हणाली, मी येते सोबत, पोरीलाही घेऊ. मी म्हटलं, काही गरज नाही, मी काय म्हातारी झाले? मग जरा वेळानं म्हटलं, बरं, ये.

कागद भरत आला. सून विचारते, याचं काय करायचं? कुठं टाकायचं? म्हटलं, कुठंच नाही. ठेव उशाखाली. तुम्हाला राग येईल, आत्याबाई, पण खरं ते सांगून टाकते. तुमच्यासाठी नव्हतंच हे. मला तिला सांगायचं होतं, आणि तिच्या तोंडाकडे पाहून सांगायची हिंमत नव्हती.