नवरीच्या न्हाणाचं पाणी

गामेलिओन ३, सकाळ
लग्नसराईचा महिना लागला. गावचा मुखिया थेरसान्द्रोस याच्या मुलीचं, मेलिताचं, लग्न बारा तारखेला. नवरीचं न्हाण गावच्या नदीच्या पाण्याने, हा रिवाज. आणि गावची नदी म्हणजे मी. खराद्रोस, नददेव, महासागरदेव ओकेआनोसचा सख्खा मुलगा. (तीन हजार भावांत नंबर जरा मागचा. असो.) पाणी माझं गेलं की वेदी माझी, वर्षाला एक बैल माझा. (मांस माणसांचं, हाडं देवाची; त्यातही मांडीची सगळ्यात मानाची.) दुसरं आहे कोण?

गामेलिओन ४
दुसरी आहे आर्नी. चिनाराखालच्या झऱ्यातली अप्सरा. करंगळीएवढी धार. बायका घागरी घेऊन तिच्याकडेच जातात. म्हणे, काय ते नितळ पाणी! नितळ तर दवही असतं, त्यात कोणी न्हातं का?
संकल्प: उद्यापासून गढूळपणा बंद.

गामेलिओन ५
गढूळ. दोष माझा नाही. वर डोंगरात झ्यूस पाऊस ओततोय. म्हणे देवांचा राजा. अर्धा वेळ हंस नाहीतर बैल होऊन परक्या बायकांमागे, उरलेला वेळ बायकोच्या, हेराच्या, शिव्या खात. याच्या हातात वीज दिली कोणी?

गामेलिओन ७
वशिल्यासाठी समुद्रदेव पोसेदोनकडे एक वाम मासा पाठवला होता. आज परत आला. पोसेदोनने विचारलंय, कोण खराद्रोस?
कामात असेल.

गामेलिओन ८, दुपार
हेराक्लीस ओलांडून गेला. नदीत पाय घालण्याआधी हात धुवावेत, चार शब्द प्रार्थना करावी. या महावीराने हात सोडून बाकी सगळं धुतलं. सिंहाचं कातडंसुद्धा. वास अजून जात नाही. आणि लोक याची गाणी गातात!

गामेलिओन ९
थेरसान्द्रोसची म्हातारी आई मेनिप्पी काठावर आली. पाण्यात बोट बुडवलं, बोटाकडे पाहिलं आणि लेकाला म्हणाली, "या चिखलात पोरगी न्हाली तर नवरा ओळखेल का रे तिला?" पाणी आर्नीचंच ठरलं.
म्हातारीला दृष्टी कमी असावी. नवा प्लॅन: प्रत्यक्ष दर्शन. आम्हा नददेवांना बैल होता येतं. (झ्यूस होतो तसा नव्हे. आमचं खानदानी आहे.) पांढराशुभ्र होऊन लग्नघरी जायचं. पाहताक्षणी निर्णय बदलतील.

गामेलिओन १२, संध्याकाळ
लिहायचा मूड नाही.

गामेलिओन १३
स्वागत उत्तमच झालं, हे नोंदवून ठेवतो. थेरसान्द्रोस ओरडला, "आई, बघ तरी! आपल्या पायांनी चालत आलाय!" शिंगांना लोकरीचे गोंडे, गळ्यात माळ, भोवती मुलींचा फेर. टोपलीतून बार्ली उधळली, कपाळावर आर्नीचं पाणी शिंपडलं. म्हातारी लाडाने म्हणाली, "हलव रे राजा मान, हो म्हण." मी मोठ्या मनाने मान हलवली.
बैलाने मान हलवली म्हणजे कापायला त्याची संमती, हे मला कोणी सांगायचं? मी आजवर बैल मिळायचीच वाट पाहिली. कापताना कधी पाहिला नव्हता.
बार्लीखालून सुरा निघाला. मागे कुऱ्हाड उचललेली. घाबरलो नाही. फक्त उभ्या जागी पाणी झालो. बैल गायब, वेदीपाशी गढूळ डबकं. मग मेनिप्पीने डोळे पुसत सांगितलं, "आर्नीमाईने बैल सदेह नेला!" वेदी बांधायचं तिथेच ठरलं. आर्नीची. दरवर्षी बैल. आर्नीला.
मला खराट्याने दाराबाहेर लोटलं.
उताराने घरंगळत तिच्याच पाटात पडलो. ती हसली नाही, हे फार लागलं. हळूहळू नेऊन मला माझ्या पात्रात सोडलं. म्हणाली, "दादा, जपून हं. बैल आला की मी दोन हाडं लावून देईन तुमच्याकडे."
ओकेआनोसच्या तीन हजार मुलांत एवढा अपमान कोणाचा झाला नसेल. मी ताठ मानेने तिला विचारलं, मांडीची का?