पुन्हा विसळलेल्या कुप्या

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा माझ्याहून बरा असावा अशी आशा आहे.

तू विचारलं होतंस, मी दिवसभर प्रयोगशाळेत करते तरी काय. तर मी चरबीचे, डोळ्यांना न दिसणारे फुगे बनवते, त्यांत रंग भरते, ते गोठवते आणि पुन्हा वितळवते. (याला संशोधन म्हणतात. घरी मी दूध फ्रीजरमध्ये विसरायचे तेव्हा तू त्याला वेंधळेपणा म्हणायचीस.) फुगा फाटला की रंग बाहेर येऊन चमकतो. पाण्यात कॅल्शियम असेल तर गोठताना फुगे एकमेकांना चिकटतात आणि फाटतात. नसेल तर बरेचसे तगतात. निदान तगायला हवेत. माझे मात्र चार महिने कॅल्शियम घातलेले आणि न घातलेले, दोन्ही सारखेच फाटत होते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी रसायनं बदलली, फ्रीजर बदलला, शेवटी कुप्या धुणाऱ्या काकूंवर खापर फोडलं आणि शुक्रवारपासून त्यांना कामावरून कमी करायचं ठरवलं.

काल मी चहाची किटली उघडली, तर तळाला हा एवढा पांढरा थर. आमच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम खच्चून भरलेलं आहे. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कारण काकू कुप्या शुद्ध पाण्याने लख्ख धुऊन ठेवतात, आणि मी प्रत्येक कुपी वापरण्याआधी नळाखाली धरून पुन्हा विसळते. भांडं कितीही स्वच्छ दिसलं तरी घेताना विसळून घ्यायचं, हे तूच माझ्या डोक्यात बसवलंस. दोष तुझा नाही. (थोडा आहे.)

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार सांग.

तुझी भाची

ता. क. बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. लाज वाटते आणि भीतीही. तुझी बोलणी खाल्ल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही, तेव्हा चार खरमरीत ओळी ताबडतोब धाड. (फोन नको, फोनवर तू विरघळतेस.) आज सोमवार आहे.

ता. क. २. बोलणी राहू देत. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात काकू कुप्या घेऊन आल्या आणि मी रडतरडत सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अगं, तू नळाखाली धरतेस ते रोज बघते की मी. मला वाटलं, तुमच्या प्रयोगातच तसं असेल." चार महिन्यांत आम्ही सगळं तपासलं, काकूंना तेवढं कोणी विचारलं नव्हतं. आता बाईंच्या खोलीकडे निघाले आहे. काकू सोबत येतायत, मी वाटेतून परत फिरू नये म्हणून.