बाळंतिणीच्या खोलीचा झरोका

नागाव, मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १८५०

झरोका मीच बुजवला. शेजारच्या भाताच्या गिरणीतली तुसाची धूळ काशीच्या खोलीत यायची, बाळ सारखं शिंकायचं. बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली, भावाने नुसतं बघत बसायचं? काल खिडकीला फळ्या ठोकल्या, फटींवर खळीने कागद चिकटवले, कौलांखालच्या झरोक्यातही चिंध्या कोंबल्या. केवढा खूश होतो मी!

बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी असते, हे मला ठाऊक नव्हतं? आमच्या घरात प्रत्येक बाळंतपणात असते. मग तो झरोका कशासाठी ठेवलाय, हे एकदाही मनात आलं नाही?

दुपारी सुईण आत डोकावून म्हणाली, "गाल कसं गुलाबी झालंत बघा. गुमान झोपलाय." तो झोपलेला नव्हता. काशीही हाकेला ओ देईना. मी फळ्या उपटल्या, चिंध्या ओढून काढल्या. उशीर झाला होता.

संध्याकाळी काशीने डोळे उघडले. बाळाचं तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. गिरण चालूच होती. उघड्या खिडकीकडे बघत ती म्हणाली, "दादा, लाव रे ती. बाळाच्या नाकात धूळ जाईल."